हिवाळ्यातील कुक्कुटगृहात पूरक प्रकाशाचे वेळापत्रक : एक विवेचन

सारांश

कोंबडीचे अंडी घालणे हे खाद्य, आरोग्य आणि जात यांच्याइतकेच दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात हिवाळ्यातील दिवस उन्हाळ्यातील दिवसाहून सुमारे सव्वादोन तासांनी लहान असतो. हा फरक युरोपच्या तुलनेने अल्प असल्यामुळे लहान कुक्कुटपालक त्याकडे दुर्लक्ष करतात आणि नेमके अंड्यांना मागणी असलेल्या काळात त्यांचे उत्पादन घटते. प्रस्तुत लेखात पूरक प्रकाशामागील शरीरशास्त्रीय कारणमीमांसा, पुणे परिसराच्या सूर्योदय-सूर्यास्तावर आधारित वेळापत्रक, प्रकाशाची तीव्रता, वीजखर्च आणि व्यवहारातील चुका यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशकाल, पूरक प्रकाश, तलंग, पिसे झडणे, वेळयंत्र.

१. प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात पाच-पंचवीस कोंबड्यांचे खुराडे ही घरच्या स्त्रीच्या हातात थेट पैसा देणारी मोजक्या साधनांपैकी एक बाब आहे. दुधाचा हिशेब डेअरीच्या पुस्तकात जातो, पिकाचा पैसा सोसायटीच्या कर्जात वळता होतो. अंड्यांचे पैसे मात्र बहुधा घरातच राहतात. म्हणूनच हिवाळ्यात अंडी कमी झाली की त्याची झळ प्रथम घरखर्चाला लागते. दुर्दैवाने याच काळात अंड्यांचे भावही चढे असतात. श्रावणात घसरलेली मागणी थंडीत वाढते आणि मार्गशीर्षातील गुरुवारांचा अपवाद वगळता माघापर्यंत ती टिकून राहते. भाव असताना माल नाही, अशी ही अडचण आहे.

अंडी कमी झाल्याचे कारण सामान्यतः थंडीत शोधले जाते. खुराड्यावर गोणपाट टाकले जाते, क्वचित उबेसाठी रात्रभर दिवा ठेवला जातो. वस्तुतः महाराष्ट्रातील बहुतांश भागातील थंडी पूर्ण पिसे आलेल्या निरोगी कोंबडीला सहज सोसते. तिचे अंडे थांबते ते प्रामुख्याने दिवस लहान झाल्यामुळे. उपाय प्रकाशाचा हवा आणि तो किती द्यावा यापेक्षा केव्हा द्यावा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) दिवसाची लांबी आणि अंडी उत्पादन यांतील संबंध स्पष्ट करणे.
(आ) महाराष्ट्राच्या अक्षांशाला अनुरूप असे पूरक प्रकाशाचे वेळापत्रक मांडणे.
(इ) लहान कुक्कुटपालकाला परवडेल अशा व्यवस्थेचा खर्च काढणे.
(ई) प्रचलित चुका व गैरसमज यांचे निराकरण करणे.

३. शरीरशास्त्रीय आधार

ऋतूनुसार बदलणाऱ्या दिवसाच्या लांबीचा पक्ष्यांच्या प्रजननाशी संबंध आहे, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगाने सिद्ध झाले. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्या पिंजऱ्यात ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस क्रमाने वाढवला. बाहेर कडाक्याची थंडी असतानाही त्या पक्ष्यांची प्रजननेंद्रिये वसंतातल्याप्रमाणे वाढली. याचा अर्थ, पक्ष्याचे शरीर ऋतू ओळखते ते उबेवरून नव्हे, तर प्रकाशावरून.

पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की डोळे नसतानाही पक्ष्याला हा प्रकाश कळतो. कवटीतून आणि मेंदूच्या ऊतींतून झिरपणारा प्रकाश हायपोथॅलॅमस या भागातील संवेदी पेशी थेट टिपतात. लाल व नारिंगी किरण ऊतींतून अधिक खोल जातात. म्हणूनच पिवळसर, ऊबदार छटेचा दिवा कोंबड्यांसाठी योग्य ठरतो.

हायपोथॅलॅमसला दिवस लांब असल्याचा संकेत मिळाला की तेथून सुटणारे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला उद्दीपित करते. त्या ग्रंथीची संप्रेरके अंडाशयावर कार्य करतात आणि बलक वाढू लागतो. बलकाची जलद वाढ सुमारे सात ते दहा दिवस चालते. त्यानंतर सुटलेला बलक अंडनलिकेत जातो. तेथे सुमारे तीन तासांत पांढरा भाग, तासाभरात आतील पापुद्रे आणि त्यानंतर जवळजवळ वीस तासांत कवच तयार होते. या साखळीमुळेच दिवा लावल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही; त्यासाठी दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. डिसेंबरात अंडी थांबल्यावर दिवा लावणाऱ्याच्या पदरी जानेवारी उजाडेपर्यंत काही पडत नाही, त्याचे कारण हेच.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पक्ष्याचे शरीर प्रकाशाच्या तासांची नुसती बेरीज करीत नाही. पहाटेच्या पहिल्या प्रकाशापासून त्याचे आंतरिक घड्याळ सुरू होते आणि त्यानंतर साधारणपणे अकरा ते सोळा तासांच्या दरम्यान त्याची प्रकाशसंवेदी अवस्था येते. या अवस्थेत डोक्यावर प्रकाश असेल, तर दिवस लांब समजला जातो. अंधार असेल, तर तो लहान ठरतो. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य सकाळी सुमारे ७ वाजून २ मिनिटांनी उगवतो आणि सायंकाळी ६ वाजून २ मिनिटांनी मावळतो. म्हणजे संवेदी अवस्था सुरू होते न होते, तोच अंधार पडतो. त्याच दिवशी पहाटे ४ वाजता दिवा लावला, तर कोंबडीचे घड्याळ चार वाजता सुरू होते आणि तिची संवेदी अवस्था दुपारी तीनपासून, म्हणजे भर उन्हात येते. पहाटेचा दिवा हा अशा रीतीने दुपारच्या उन्हाला कामाला लावतो.

४. महाराष्ट्रातील दिवसमान

लंडन येथे सर्वांत लहान दिवस सुमारे ७ तास ५० मिनिटांचा आणि सर्वांत मोठा दिवस सुमारे १६ तास ३८ मिनिटांचा असतो. तेथे पूरक प्रकाशाची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पुण्यात हीच मर्यादा सुमारे ११ तास ते १३ तास १४ मिनिटे इतकी आहे; नागपुरात सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५१ मिनिटांचा असतो. अंड्यावरील कोंबडीला किमान १४ तासांचा प्रकाश हवा आणि व्यापारी पोल्ट्रीत तो १६ तासांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. तात्पर्य, आपल्याकडे जूनमध्येही निसर्ग हे प्रमाण पूर्ण करीत नाही. तरीही उन्हाळ्यात वाढत जाणारा दिवस अंड्याला पोषक असतो, तर पावसाळ्यापासून घटत जाणारा दिवस ते थांबवण्याचा संकेत देतो. लांबीइतकीच तिची दिशाही महत्त्वाची आहे.

वेळापत्रक आखताना आणखी एक भौगोलिक तपशील विचारात घ्यावा लागतो. वर्षातील सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असला, तरी पुण्यात सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सुमारे ५ वाजून ५७ मिनिटांनी असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, सुमारे ७ वाजून ९ मिनिटांनी होतो. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्या आसाचा कल यांमुळे घड्याळाचा मध्यान्ह व सूर्याचा मध्यान्ह यांत पडणारे अंतर हे याचे कारण होय. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. सायंकाळच्या बाजूने दिवस डिसेंबरच्या आधीच वाढू लागलेला असतो. परंतु सकाळ लवकर उजाडू लागते ती खरोखर संक्रांतीनंतरच. पहाटेचा दिवा बंद करण्याची वेळ ठरवताना हे लोकनिरीक्षण उपयोगी पडते.

तसेच संपूर्ण महाराष्ट्रास एकच वेळापत्रक लागू करता येत नाही. डिसेंबरात नागपूरचा सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. विदर्भातील कुक्कुटपालकाने खाली दिलेल्या वेळा त्या मानाने अलीकडे घ्याव्यात.

५. वेळापत्रकाची मांडणी

५.१ लहान खुराडे : केवळ पहाटेचा प्रकाश

पाच ते पन्नास कोंबड्यांच्या, बसण्यास दांडी असलेल्या खुराड्यात पूरक प्रकाश पहाटे देणे श्रेयस्कर आहे. सायंकाळचा दिवा एकाएकी बंद झाला, तर कोंबड्या जेथे असतील तेथेच अंधारात अडकतात. त्यांना दांडी सापडत नाही, त्या कोपऱ्यात एकमेकींवर दाटी करतात. पहाटेच्या दिव्यात हा धोका नाही. संध्याकाळ नैसर्गिक रीतीने कलते आणि कोंबड्या आपल्या जागी जाऊन बसतात.

आरंभ सप्टेंबरच्या अखेरीस, साधारणपणे घटस्थापनेच्या सुमारास करावा. तेव्हा दिवस व रात्र समान असतात, पुण्यात सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांच्या आसपास होतो आणि अंडी अद्याप फारशी घटलेली नसतात. पहिल्या आठवड्यात पावणेसहाला दिवा लावावा. त्यानंतर दर आठवड्यास पंधरा मिनिटे अलीकडे येत आठव्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास, ४ वाजता स्थिरावे. सूर्यास्त त्या वेळी सहाच्या सुमारास असल्याने एकूण प्रकाशकाल १४ तासांचा होतो.

दिवा बंद होण्याची वेळ सव्वासात ठेवावी. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय ७ वाजून ९ मिनिटांनी होत असल्याने त्याआधी दिवा विझला, तर मध्ये काळोखाची फट पडते आणि कोंबडीच्या दृष्टीने दिवसाची सुरुवात संदिग्ध होते. ही फट पडू न देणे हा या व्यवस्थेतील पहिला नियम आहे.

एकदा ४ ची वेळ स्थिर झाली, की ती वर्षभर तशीच ठेवणे सर्वांत सोपे. जूनमध्ये सूर्यास्त ७ वाजून १३ मिनिटांनी होतो, तेव्हा प्रकाशकाल सव्वापंधरा तासांच्या जवळ जातो. पुढे तो घटत घटत नोव्हेंबरात १४ तासांवर येतो. ही घट होते. पण ती संथ असते आणि प्रकाशकाल १४ तासांच्या खाली जवळजवळ जातच नाही. त्यामुळे तिचा उत्पादनावर होणारा परिणाम अल्प राहतो. याउलट संक्रांतीनंतर थंडी सरली म्हणून दिवा काढून टाकला, तर प्रकाशकाल एका दिवसात तीन तासांनी घटतो आणि कोंबड्या पिसे टाकू लागतात.

५.२ मोठे कुक्कुटगृह : दोन्ही टोके घड्याळाला बांधणे

पाचशे वा अधिक पक्ष्यांच्या, उघड्या बाजूंच्या गृहात १६ तासांचा प्रकाश द्यावयाचा असल्यास पहाटे ४ ते रात्री ८ ही चौकट सोयीची आहे. पुण्याच्या परिसरात वर्षातील कोणताही नैसर्गिक दिवस संधिप्रकाशासह या चौकटीत मावतो. परिणामी सूर्य कोठेही असला, तरी पक्ष्यांचा दिवस बारा महिने समान राहतो. पहाटे ४ ते साडेसात आणि सायंकाळी पावणेसहा ते ८ असे दोन टप्पे वेळयंत्रावर एकदा लावले, की ऋतूनुसार बदल करण्याची गरज उरत नाही. सायंकाळी शेवटची पंधरा मिनिटे निम्मे दिवे आधी बंद करावेत, म्हणजे पक्षी स्थिरावतात.

सायंकाळच्या प्रकाशाचा येथे आणखी एक लाभ आहे. कवच मुख्यतः रात्री तयार होते. एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. निजण्यापूर्वी पोटात शिंपल्याचा चुरा अथवा चुनखडीची भरड गेली असेल, तर ते रात्रभर हळूहळू उपलब्ध होते. अन्यथा कोंबडीला ते आपल्या हाडांतून काढावे लागते.

५.३ तलंगांची वेगळी व्यवस्था

अंड्यावर न आलेल्या तलंगांना वरील वेळापत्रक लागू करणे ही गंभीर चूक होय. शरीर पूर्ण वाढण्याआधी दिवस वाढला, तर त्या वेळेआधी अंड्यावर येतात. अंडी लहान राहतात आणि अंडनलिका बाहेर येऊन पक्षी दगावण्याची शक्यता वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये निघालेली पिल्ले घटत्या दिवसात वाढतात, त्यांना हा धोका कमी. मात्र ती डिसेंबरात वयात येतात तेव्हा दिवस सर्वांत लहान असल्याने पूरक प्रकाशाविना अंडी उशिरा सुरू होतात. जानेवारीत निघालेली पिल्ले वाढत्या दिवसात वाढतात. त्यांच्यासाठी सुरुवातीचे दिवस सोडून, पुढे अठरा-वीस आठवड्यांपर्यंत प्रकाशकाल सुमारे सव्वातेरा तासांवर स्थिर ठेवावा, म्हणजे मे-जूनमधील दिवस त्यांना वाढल्यासारखा वाटत नाही. अपेक्षित वजन आल्यावर मगच दर आठवड्यास पंधरा ते तीस मिनिटांची वाढ द्यावी.

सर्व नियमांचे सार दोन वाक्यांत सांगता येते : वाढत्या वयात दिवस वाढू देऊ नये, अंड्यावर असताना दिवस घटू देऊ नये.

६. प्रकाशाची तीव्रता आणि वीजखर्च

अंड्यावरील पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर १० ते २० लक्स प्रकाश पुरेसा असतो. साध्या भाषेत, खुराड्यात उभे राहून वर्तमानपत्र कष्टाने वाचता येईल इतपत. त्याहून प्रखर प्रकाशाने अंडी वाढत नाहीत. उलट एकमेकींना टोचण्याची खोड लागते.

पाचशे पक्ष्यांच्या गादी पद्धतीच्या गृहास प्रत्येकी दोन चौरस फूट याप्रमाणे १००० चौरस फूट जागा लागते. तेथे पूर्वी ४० वॅटचे दहा साधे बल्ब लावले जात. ४०० वॅटचा हा भार रोज पावणेसहा तास चालल्यास महिन्याला ६९ युनिट वीज लागते. तेवढाच प्रकाश देणारे ५ वॅटचे दहा एलईडी दिवे वापरल्यास हा आकडा नऊ युनिटांच्या आत येतो. लहान खुराड्यास ५ वॅटचा एकच दिवा पुरतो. तो रोज सव्वातीन तास चालला, तर महिन्याला अर्धे युनिटही पुरे होत नाही. अर्थात, या उपायाच्या आड खर्च येत नाही. आड येते ती अनियमितता.

दिव्यांवर बसणारी धूळ व जळमटे आठवड्यातून एकदा पुसावीत. दांड्या आणि खाद्याची भांडी दिव्याच्या सावलीत येणार नाहीत, असे पाहावे. अंडी घालण्याचे डबे मात्र अंधुक असावेत.

७. व्यवहारातील चुका

पहिली चूक वेळयंत्राची. बाजारात स्वस्त मिळणारे, चकतीवर दाते असलेले वेळयंत्र विजेवरच फिरते. वीज दोन तास गेली, की त्याचे घड्याळ दोन तास मागे पडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४ ऐवजी ६ वाजता दिवा लागतो. आठवडाभरात दोन-तीनदा वीज गेली, तर दिवा भर दुपारी लागतो आणि उजेड असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवा आहे, वेळयंत्र आहे, खाद्य चांगले आहे, तरी अंडी घटली, अशी तक्रार जेथे ऐकू येते, तेथे प्रथम वेळयंत्राची चकती पाहावी. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथे आत बॅटरी असलेले डिजिटल वेळयंत्र घ्यावे आणि दिवा लहान सौर संचावर किंवा बॅटरीवर जोडावा. पाच वॅटच्या दिव्यास हे सहज शक्य आहे.

दुसरी चूक पडद्यांची. थंडीत उघड्या बाजूंवर गोणपाट सोडले जाते आणि सकाळी ऊन चढल्यावर ते वर केले जाते. पहाटेचा दिवा सव्वासातला बंद झाला आणि पडदे साडेआठला उघडले, तर मधला सव्वा तास पक्षी काळोखात राहतात. दिवा बंद होण्यापूर्वी पडदे वर झाले पाहिजेत.

तिसरी चूक भरपाईची. एखाद्या पहाटे वीज नव्हती म्हणून त्या रात्री उशिरापर्यंत दिवा ठेवणे अनावश्यक आहे. एका दिवसाच्या खंडाने फारसे बिघडत नाही. ओळीने अनेक दिवस वेळ बदलत राहिली, तर मात्र पिसे झडतात.

चौथी चूक रात्रभर दिवा ठेवण्याची. पक्ष्याला सलग आठ तासांचा अंधार हवाच. अंडे सुटण्याच्या क्रियेस चालना देणारी संप्रेरकाची लाट अंधाराच्या वेळेशी जुळलेली असते.

८. गैरसमज आणि मर्यादा

दिव्यामुळे कोंबडीची अंडी लवकर संपतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कोंबडीच्या अंडाशयात हजारो बीजे असतात. ती आयुष्यभरात त्यांतील काही शेच अंड्यांच्या रूपाने बाहेर टाकते. मात्र या समजामागील विश्रांतीचा विचार सर्वस्वी टाकाऊ नाही. पिसे टाकण्याचा काळ हा शरीर भरून काढण्याचा काळ असतो. ज्या कोंबड्यांची पिसे झडू लागली आहेत, त्यांना त्याच वेळी दिव्याने अंड्यावर ओढू नये. नवी पिसे पूर्ण आल्यावर प्रकाश वाढवावा.

दुसरे असे, की दिवा अंडे देत नाही. तो केवळ अनुमती देतो. अंड्यातील प्रथिने आणि कॅल्शियम खाद्यातूनच यावे लागतात. पुरेसे खाद्य न देता प्रकाशकाल वाढवणे म्हणजे पक्ष्याच्या हाडामांसातून अंडे काढणे होय. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशीच्या आसपास अंडी घालते आणि मध्येच खुडूक बसते. तिच्यावर दिव्याचा परिणाम मर्यादित राहतो. जी कोंबडी पिल्ले काढण्यासाठी ठेवली आहे, तिला तिच्या ऋतूवर सोडणेच योग्य. सुधारित जातींच्या कोंबड्या आणि विकत आणलेले खाद्य जेथे आहे, तेथे हा उपाय पूर्ण फळ देतो.

९. निष्कर्ष

१) महाराष्ट्रात हिवाळ्यातील अंडी उत्पादनातील घट मुख्यत्वे घटत्या दिवसमानामुळे होते, थंडी हे दुय्यम कारण आहे.
२) पूरक प्रकाशाचा आरंभ उत्पादन घटल्यावर नव्हे, तर सप्टेंबरच्या अखेरीस व्हावयास हवा.
३) लहान खुराड्यास पहाटेचा आणि मोठ्या गृहास पहाट व सायंकाळ असा दोन्ही टोकांचा प्रकाश उपयुक्त ठरतो.
४) एलईडी दिव्यांमुळे खर्च नगण्य झाला आहे, वेळेची नियमितता हीच आता खरी कसोटी आहे.

१०. समारोप

एका खुराड्यातील दिव्याच्या प्रश्नात प्राणिशास्त्र, भूगोल, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र एकत्र येतात. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावोगावी जाणाऱ्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना हा विषय सहज हाती घेता येईल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी त्या गावाचा सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता करावा, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अंड्यांची दैनिक नोंद ठेवण्यास शिकवावे, वाणिज्य शाखेने खर्चाचा ताळा काढावा. शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरते. त्या वेळी लावलेला दिवा त्या हिवाळ्याला फारसा पुरणार नाही. म्हणून ही भेट घटस्थापनेपूर्वी व्हावी. ज्या घरात थंडीच्या दिवसांत आठवड्याला दहा अंडी अधिक निघतील, त्या घरातील स्त्रीला या लेखातील संप्रेरकांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. दिवा रोज चार वाजता लागला पाहिजे आणि उजाडेपर्यंत विझता कामा नये, एवढे तिला पटले, तरी या विवेचनाचा हेतू सफल होईल.